उतरताना

फहाहीलच्या दवाखान्यात एसी इतका गार
की रुग्णाला हात लावण्याआधी
मी तळवे एकमेकांवर घासून घेते,
तव्याजवळ बसलेल्या बाईसारखी.

अब्दुलगनी परकार, वय एकावन्न, मूळ गाव बाणकोट.
काम : लिफ्ट दुरुस्ती.
तक्रारीच्या रकान्यात मी लिहिलं :
उजवा गुडघा, वाटीभोवती, जिना उतरताना.
तो म्हणाला, हसू नका बाय,
लिफ्ट बंद असते तेव्हाच मला बोलावतात.

चौदा मजले पायी. खांद्यावर हत्यारांची पिशवी.
वर मशीनच्या खोलीत उकिडवं बसायचं,
बाहेर अठ्ठेचाळीस, आत किती ते कुणी मोजत नाही.
आणि काम झालं की चाचणी म्हणून
लिफ्ट रिकामीच खाली सोडायची,
आपण जिन्याने,
दर मजल्यावर दार नीट उघडतंय का बघत.

वाटी.
काय नेमका शब्द आहे आपला.
झाकण सापडलं नाही की आई
विरजणावर पालथी घालायची तशीच,
मांडीच्या टोकाला, कातडीखाली.
दोन्ही अंगठे तिच्या काठाला लावून
मी ती बाहेरून आत सरकवते,
मग तिरपी उचलते, अर्धं मिनिट धरते.
बाहेरची बाजू ताठ,
शिवण आवळून बसलेल्या अभ्र्यासारखी.
पाय सैल सोडा.
सोडलाय.
नाही सोडलेला.
पाय सैल सोडायला
त्याला पहिल्या दिवशी चार मिनिटं लागली.

तिसऱ्या खेपेला तोच मला शिकवू लागला :
रूळ जरा कलला ना बाय, की गाडी घासत जाते.
लोक मोटर बदलतात. मोटरीचा काय दोष?
हे शिकायला मला मिरजेत साडेचार वर्षं लागली होती.
गुडघा एवढ्या सरळ हिशेबाचा नसतो
हे मी त्याला सांगायला हवं होतं.
नाही सांगितलं. वाटी त्या दिवशी छान सरकत होती.

मग त्याने माझ्या हाताकडे पाहिलं.
उजव्या अंगठ्याच्या मुळाशी आलेली सूज
अकरा महिन्यांत कुणी विचारली नव्हती.
लोणच्याची बरणी मी शेजारच्या मल्याळी मुलाकडून उघडून घेते.
बेअरिंग गेलंय तुमचं, तो म्हणाला,
आणि आपला गुडघा थोडा माझ्याकडे सरकवला,
मला कमी वाकावं लागावं म्हणून.

विम्याच्या सहा खेपा.
पाचवीला मी खरं ते बोलले :
माझ्या हातांचा आराम संध्याकाळपर्यंत, फार तर उद्यापर्यंत.
पुढचं मांडीने आणि कुल्ल्याने करायचं,
भिंतीला पाठ लावून, रोज, कंटाळा येईपर्यंत आणि नंतरही.
तोवर जिन्यावर एवढंच :
चढताना बरा पाय आधी,
उतरताना दुखरा.
त्याने ते पाढ्यासारखं दोनदा म्हणून दाखवलं.

सहाव्या खेपेला आला नाही.
फोन कुणी दुसऱ्यानेच उचलला.
साइट बदलली, जहराला पाठवलंय, बहुतेक.
कार्डावर एक चौकोन कोरा राहिला.

काल आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती.
रात्री साडेअकराला जिन्यात कुणीतरी उतरत होतं.
एक पाऊल. मग दुसरं त्याच्या शेजारी.
थांबणं. दाराचा खट् आवाज.
पुन्हा एक पाऊल, दुसरं शेजारी.
मी कडीवर हात ठेवून उभी राहिले.
या शहरात दुखरे गुडघे काय थोडे आहेत?
माझा मजला गेला.
खाली कुठेतरी, दुसऱ्याच्या आसपास,
आवाज बदलला :
एका पायरीला एकच पाऊल,
पुढच्या पायरीला दुसरं,
सावकाश, पण सलग.
मी नऊपर्यंत मोजलं. मग रस्त्यावरून टँकर गेला.

सकाळी लिफ्ट चालू होती.
बटण मी करंगळीने दाबलं.